उस्तादांच्या गाडीचं वायरिंग

त्या वर्षी मी नवीन काम घेणं जवळजवळ बंद केलं होतं. तीस वर्षं गाड्यांच्या डॅशबोर्डखाली उताणं पडून काम केलं की मान कायमची धरते. डॉक्टरांनी दिलेला पट्टा दुकानातल्या खिळ्याला लटकलेला असायचा. जवळचं बघायला एक चष्मा, लांबचं बघायला दुसरा, आणि डॅशबोर्डच्या आत हात घातल्यावर जे अंतर लागतं तिथं दोन्ही निरुपयोगी. नव्या गाड्यांमध्ये सगळा कॉम्प्युटर. एका वायरला हात लावला की समोर भलतेच दिवे पेटतात आणि गिऱ्हाईक आपल्याकडं संशयानं बघतं. म्हणून मोंढ्याजवळच्या माझ्या दुकानात मी बॅटऱ्या, हॉर्न आणि हेडलाइट एवढंच ठेवलं होतं. कुणी अलार्म बसवायचा म्हणून आलं की सरळ सांगायचो, आता होत नाही.

एप्रिलमधल्या एका दुपारी उस्तादांची मुलगी दुकानात आली.

उस्ताद म्हणजे ज्यांच्याकडं मी गाड्यांचं वायरिंग शिकलो. आयटीआय करून आलो तेव्हा मी बाविशीचा होतो. सर्टिफिकेट होतं, हातात काही नव्हतं. उस्तादांनी ते सर्टिफिकेट घडी घालून परत माझ्या खिशात ठेवलं आणि जीपचं उघडं वायरिंग पुढ्यात टाकलं. गंगापूर, पैठणकडचे जीपवाले त्यांच्याकडंच यायचे. जयंतीची मिरवणूक असो की गणपतीची, ट्रकांचं लाइटिंग त्यांचंच. नऊ वर्षं मी त्यांच्याजवळ होतो. मग एक दिवस त्यांनीच सांगितलं, आता तुझं तू बघ. दुकानाची जागासुद्धा त्यांनीच शोधून दिली होती.

त्यांची मुलगी एका शाळेच्या ऑफिसात काम करते आणि आईवडिलांजवळच राहते. मी तिला दोन वेण्या घातलेल्या वयापासून ओळखतो. ती आली, स्टुलावर बसली आणि पाणी न पिताच म्हणाली, "दादा, बाबांनी परत गाडी नेली होती."

उस्तादांचा विसर वाढत चालला होता हे मला माहीत होतं. डॉक्टरांनी गाडी चालवायला बंदी केली होती, हेही. पण हे असं तिसऱ्यांदा झालं होतं ते माहीत नव्हतं. पहिल्या वेळी ते हर्सूलच्या घरापासून थोड्याच अंतरावर सापडले. दुसऱ्या वेळी लिंबेजळगावजवळ. या वेळी पैठणच्या रस्त्यावर, बिडकीनच्या पुढं, चुकीच्या बाजूनं चालले होते. समोरून उसाचा ट्रॅक्टर आला. ट्रॅक्टरवाला शहाणा म्हणून त्यानं रस्त्याखाली उतरवला.

"किल्ली लपवून ठेव ना," मी म्हटलं.

"लपवली होती. त्यांनी स्टिअरिंगखालचं झाकण काढून वायरा जोडल्या."

"बॅटरीची वायर काढून ठेव."

माझं मलाच हसू आलं. ज्या माणसानं आयुष्यभर तेच केलं त्याला बॅटरीची वायर बसवायला कितीसा वेळ लागणार?

"मग गाडीच विकून टाक," मी म्हटलं.

तेही तिनं करून बघितलं होतं. काकूंचं, म्हणजे तिच्या आईचं, आठवड्यातून दोनदा डायलिसिस असतं. रिक्षात त्यांना त्रास होतो, म्हणून गाडी लागतेच. तरी एकदा तिनं आठ दिवस गाडी मामाकडं नेऊन ठेवली. तर उस्ताद गाडी शोधायला पायीच निघाले. दुपारच्या उन्हात सिडकोपर्यंत गेले, पायात चप्पल नाही. गाडी दारात उभी दिसली की ते शांत असतात, दिसली नाही की घरात थांबत नाहीत.

"दादा, असं काहीतरी करा की गाडी दारात राहील, मला चालू करता येईल, आणि त्यांना येणार नाही."

"ताई, अगं त्यांना येणार नाही असं काही मला येतच नाही. जे येतं ते सगळं त्यांनीच शिकवलंय."

"म्हणून तर तुमच्याकडं आले."

मी नाही म्हणालो. मान दाखवली, पट्टा दाखवला. ती बरं म्हणाली आणि उठली. चार दिवसांनी मीच तिला फोन केला. त्या चार दिवसांत झोप नीट लागली नव्हती आणि डोक्यात नकळत सर्किट सुरू झालं होतं, हे खरं कारण. फार माया वगैरे दाटून आली असं म्हणणार नाही. थकलेला माणूस आधी स्वतःचाच विचार करतो. पण त्या ट्रॅक्टरच्या जागी मुलांना शाळेत नेणारी रिक्षा असती तर, हा विचार काही जाईना.

मी एक शंभर पानी वही घेतली आणि रोज दुपारी, गिऱ्हाईक नसताना, आकृती काढायला बसलो. पहिली आकृती सोपी होती. दार उघडलं की सायरन वाजणार, सेल्फची, म्हणजे इंजिन सुरू करणाऱ्या मोटारीची, वायर मध्ये तोडून तिथं लपवलेला रिले, म्हणजे विजेवर उघडमीट होणारा स्विच, आणि गाडी कुठं आहे ते फोनवर दाखवणारा जीपीएस. ही आकृती मी दुसऱ्याच दिवशी फाडली. मुलीनं सांगितलं होतं की कुकरची शिट्टी झाली तरी बाबा दचकतात, मग सायरन कसा चालेल? त्याऐवजी गाडीचं दार उघडलं की स्वयंपाकघरात हळू घंटी वाजावी आणि तिच्या फोनवर मेसेज जावा, असं ठरवलं.

सेल्फ तोडून भागणार नव्हतं. उस्ताद बॉनेट उघडून बॅटरीवरून सेल्फला थेट करंट देणार. म्हणून बॉनेटला वेगळं कुलूप. तेही केलं तरी त्यांच्या घरासमोरची गल्ली उताराची. गाडी न्यूट्रल करून सोडली, गिअर टाकला की इंजिन चालू. म्हणजे पेट्रोल ओढणारा पंपसुद्धा बंद ठेवायला हवा. आणि इथं मी अडकलो. पंपाच्या वायरमध्ये काहीही घातलं आणि ते उद्या बिघडलं, तर मुलगी काकूंना हॉस्पिटलला नेत असताना जालना रोडवर भर गर्दीत गाडी बंद पडणार. चालत्या गाडीचं काही बंद पडता कामा नये, हा उस्तादांचा पहिला धडा होता. इंजिन चालू आहे की नाही हे यंत्रणेला आधी कळलं पाहिजे, आणि चालू असेल तर तिनं पंपाकडं बघायचंही नाही. इंजिन सुरू झालं की चार्जिंगचा दिवा विझतो, म्हणून त्यासाठी त्या दिव्याची वायर वापरता येते. कागदावर ते जमलं. यंत्रणा उघडायला मुलीजवळ एक रिमोट राहणार होता, पण त्याचा सेल संपला तर तिनं काय करायचं? मग तिच्यासाठी दुसरा मार्ग, ब्रेक दाबून धरून पार्किंगचा दिवा तीनदा लावायचा. एक अडचण सुटली की दुसरी निघायची. बायको म्हणाली, "एवढा विचार तुम्ही घर बांधताना केला नव्हता."

तीन आठवड्यांनी प्रत्यक्ष गाडी बघायला हर्सूलला गेलो. सकाळची वेळ होती. उस्ताद अंगणात खुर्चीवर बसले होते, दाढी केलेली, शर्टाची बटणं खालीवर लागलेली. मी पाया पडलो. त्यांनी माझ्याकडं बघितलं, ओळख लागली नाही, तरी "ये ये" म्हणाले. मी गाडीचं दार उघडून खाली वाकलो तसा मागून आवाज आला.

"काय बघतो रे?"

"हॉर्न नीट वाजत नाही म्हणत होती ताई."

"वाजीव."

मी वाजवला. खणखणीत वाजला. मला खोटं बोलताना पकडल्यासारखं झालं, आणि मी उगाच बाहेर येऊन त्यांच्याजवळ पायरीवर बसलो. मुलीनं चहा आणला. माझी वही पायरीवर होती. त्यांनी ती उचलली, उघडली, आणि बघायला लागले.

मी घाबरलो. पण वही हिसकावून घेणार कशी? त्यांचं बोट एका वायरीवरून सरकत सरकत रिलेपर्यंत गेलं, तिथून फ्यूजपर्यंत, तिथून परत. ज्या माणसाला सकाळी जेवलो की नाही हे आठवत नव्हतं त्यानं ते पूर्ण सर्किट माझ्यासमोर वाचून काढलं.

"कुणाची गाडी हाय?"

"एक गिऱ्हाईक आहे, उस्ताद."

"चोरी होती का?"

"व्हय. माणूस हुशार आहे. त्याला वायरिंग येतं."

"मग हे काय कामाचं नाय." त्यांनी बोटानं डॅशबोर्डखालचा रिले दाखवला. "इथं तर तो आधी हात घालंल. मागच्या सीटखाली न्ये. पंप तिथंच हाय, वायर लांब न्यायची गरज नाय. आन् रिले टिक करतो, त्याला फोम गुंडाळ. आवाज आला की कळतं."

मी पेन काढून दिलं. त्यांनी माझी रेघ खोडली आणि नवी ओढली. मग म्हणाले, "आन् बाकी समदं चालू ठेव. दिवे लागू दे, वायपर फिरू दे. कुलूप हाय असं वाटलं तर माणूस तोडत बसतो. गाडी खराब हाय असं वाटलं तर सोडून जातो."

मुलगी दारात चहाचा रिकामा ट्रे घेऊन उभी होती. ती आत निघून गेली.

मी वही घेऊन निघालो. स्कूटर चालवताना डोळ्यांपुढं रस्ता नीट येईना, म्हणून हर्सूल टी पॉइंटच्या अलीकडं एका रसवंतीवर थांबलो आणि नुसता बसून राहिलो. त्या आकृतीत आता चूक उरली नव्हती. तीन आठवडे मला जे जमत नव्हतं ते त्यांनी एका कप चहात करून दिलं होतं, आणि ते कुणासाठी करतोय हे त्यांना माहीत नव्हतं.

काम करायला दोन दिवस लागले. मुलगी त्यांना आणि काकूंना घेऊन देवगाव रंगारीला आत्याकडं गेली होती, भाड्याची जीप करून. मी गाडी दुकानात आणली. मागची सीट काढली, डॅशबोर्ड उघडला, बॉनेटचं कुलूप बसवलं. दुसऱ्या दिवशी दुपारी मान इतकी आखडली की मी गाडीतच आडवा होऊन अर्धा तास पडून राहिलो. बाहेर एक गिऱ्हाईक हाका मारून निघून गेलं. उठलो, उरलेले जोड केले, आणि चारदा गाडी चालू करून बघितली. किल्ली फिरवून, धक्का मारून, थेट करंट देऊन, वायरा जोडून. उस्ताद जे जे करतील ते मी त्यांच्यासारखा विचार करून केलं. गाडी चालू झाली नाही. रिमोट दाबला, चालू झाली.

संध्याकाळी गाडी परत दारात उभी केली, सगळे गावाहून परतले, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी उस्ताद गाडीत जाऊन बसले. घंटी वाजली. मुलगी खिडकीतून बघत होती. आता मुद्दाम गाडीलाच ठेवलेली किल्ली त्यांनी फिरवली, दिवे लागले, सेल्फ लागला नाही. आम्हाला वाटलं होतं ते थोडा वेळ बघतील आणि खाली उतरतील. तसं झालं नाही. गाडी खराब आहे असं वाटल्यावर चोर निघून जाईल, पण वायरमन कसा जाईल? ते घरात गेले, पेटीतून टेस्ट लॅम्प आणि पकड घेऊन आले आणि डॅशबोर्डखाली बसले.

पहिले काही दिवस आम्हाला ते बरंच वाटलं. मुलगी फोनवर म्हणाली, "दादा, किती दिवसांनी बाबा एका जागी बसलेत." ते एकेक वायर तपासायचे, पुटपुटायचे, जेवायला बोलावलं की यायचे आणि परत जायचे. पण पुढं जेवायलाही येईनात. एकदा ती हात धरून उठवायला गेली तर त्यांनी हात झटकला. एकदा ती शाळेतून आली तेव्हा ते स्टिअरिंगला डोकं टेकून रडत होते. "एक गाडी चालू होईना माझ्याच्यानं," एवढंच म्हणत होते.

तिनं मला हे सांगितलं तेव्हा मी दुकानात एकाच्या बॅटरीत पाणी भरत होतो. पाणी भरून झालं, तरी मी बाटली हातात धरून उभा होतो.

जूनच्या शेवटी एका सकाळी तिचा फोन आला, "आत्ताच या." मी गेलो. गाडीची मागची सीट अंगणात काढून ठेवलेली. उस्ताद गाडीच्या दाराशी जमिनीवर बसले होते आणि त्यांच्या हातात पंपाच्या वायरीचा जोड होता. वरची काळी टेप त्यांनी सोडवली होती. त्यांच्याकडं जोड करायची एक पद्धत होती. दोन वायरा एकमेकींत उलट्या दिशेनं गुंफायच्या, सोल्डर द्यायचा, आधी सुती पट्टी आणि मग टेप. शहरात तशी पट्टी कुणी लावत नाही. मी लावतो, सवयीनं.

"हा जोड माझा हाय," उस्ताद म्हणाले. "पर मी कधी केला?"

मुलीनं माझ्याकडं बघितलं. काहीतरी सांगून वेळ मारून नेता आली असती. पण त्या दिवशी मला खोटं बोलायचाही कंटाळा आला होता. मी त्यांच्यासमोर मातीत बसलो.

"उस्ताद, जोड मी केलाय. तुम्ही शिकवला तसा."

"कशाला?"

"तुम्ही गाडी घेऊन जाऊ नये म्हणून."

मला वाटलं शिवी देतील. देऊ देत, असंही वाटलं.

"मी कुठं गेलतो?"

"पैठणकडं. चुकीच्या बाजूनं. समोरून ट्रॅक्टर आला होता."

"कुणाला लागलं?"

"नाही. कुणालाच नाही."

"मंग बरं केलंस," ते म्हणाले. आणि मग जोडाकडं बघून, "असा उघडा नको ठिवू. टेप दे." त्यांनी स्वतः पट्टी गुंडाळली, टेप ओढून लावली आणि अंगठ्यानं दाबून बसवली. मी सीट परत बसवली. आम्ही दोघांनी मिळून पोहे खाल्ले. मी घरी आलो तेव्हा बऱ्याच महिन्यांनी हलकं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते पुन्हा गाडीत जाऊन बसले होते. काल झालेलं काही त्यांच्याजवळ राहिलं नव्हतं.

मग ते असंच चालू राहिलं. पावसाळाभर आठवड्यातून एकदोनदा मी हर्सूलला जायचो आणि त्यांनी विचारलं तर खरं सांगायचो. मुलगी म्हणायची, रोज नवा घाव कशाला? पण खोटं सांगितलं की ते दिवसभर डॅशबोर्डखाली बसायचे, आणि खरं सांगितलं की तेवढा दिवस तरी उठायचे. उत्तर दर वेळी वेगळं यायचं. कधी "बरं केलंस", कधी नुसती मान हलवायचे. एकदा माझ्या कानाखाली मारली. "माझ्याच गाडीला कुलूप घालतो व्हय रे?" म्हणाले. काकू आतून धावत आल्या. मला लागलं फारसं नव्हतं, हातात जोरच उरला नव्हता त्यांच्या. मला त्याचंच वाईट वाटलं. एकदा त्यांनी विचारलं, "मला काय झालंय?" त्या दिवशी मी जे माहीत होतं ते सगळं सांगितलं. ते म्हणाले, "लई दिवसांपासून हाय का?" मी व्हय म्हटलं. त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि तसेच बसून राहिले.

दिवाळीनंतर त्यांना न्यूमोनिया झाला. पंधरा दिवस दवाखान्यात होते. मुलगी एका दवाखान्यातून दुसऱ्या दवाखान्यात फिरत होती, इकडं वडील, तिकडं आईचं डायलिसिस. गाडीनं तिला एकदाही दगा दिला नाही. त्या धावपळीत ती मला म्हणाली, "दादा, तुमचं काम पक्कं आहे बघा." पण ते काम निम्मंच माझं होतं.

उस्ताद घरी आले ते गाडीकडं बघेनासे होऊन. अंगणात खुर्ची त्याच जागी, गाडी त्याच जागी, पण नजर तिथून सरळ पुढं जाते. बोलणं फार कमी झालं. मला बघून हसतात. मी शेजारी बसतो, वर्तमानपत्र वाचून दाखवतो. ऐकतात की नाही कळत नाही.

जानेवारीत मुलीनं फोन केला. घंटी आता फक्त तिच्यामुळंच वाजते आणि काकू उगाच दचकून उठतात, तेव्हा ते सगळं काढून टाका, म्हणाली. मी एका रविवारी गेलो आणि काढलं. बसवायला दोन दिवस, त्याआधी विचार करायला तीन आठवडे, आणि काढायला जेमतेम दोन तास. पंपाची वायर सरळ केली, बॉनेटचं कुलूप काढलं, रिले आणि घंटी डब्यात भरली. उस्ताद समोरच बसले होते. मी मागची सीट उचलली तेव्हा एकदा वाटलं, आता काही म्हणतील. ते उन्हात डोळे मिटून होते.

निघताना मुलगी म्हणाली, "दादा, गल्लीत गाडी मागं घेताना मला फार भीती वाटते. आई शेजारी असली की ती बघून सांगायची, आता तिलाही दिसत नाही. तो मागचा कॅमेरा बसवतात तो बसेल का हो या जुन्या गाडीला?"

मी म्हटलं, बसेल. पुढच्या रविवारी कॅमेरा घेऊन गेलो. पट्टा गळ्यात घालूनच काम केलं. डिकीपासून डॅशबोर्डपर्यंत वायर ओढली, समोर छोटा पडदा लावला. तिनं गाडी सुरू केली, रिव्हर्स टाकला, आणि पडद्यावर अंगण, जास्वंदीचं झाड आणि कडेला खुर्चीवरचे उस्ताद दिसले. ती हळूहळू गाडी मागं घेत फाटकाबाहेर पडली आणि गल्लीत वळवून परत आत आणली. काच खाली करून म्हणाली, "सोपं आहे की." मी अवजारं गोळा करायला लागलो.